'राऊ': मस्तानींची मुहब्बत आणि शमशेरचे पानिपत

ना. सं. इनामदार यांची 'राऊ' ही कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेला 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट २०१५ मध्ये आला आणि ज्यांनी कादंबरी हाती धरली नव्हती त्यांच्यापर्यंतही ही कहाणी पोहोचली. मराठी माणसाच्या मनात मस्तानींची जी प्रतिमा आहे ती घडवण्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे. मराठीतील एका मुस्लिम स्त्रीची ही सर्वांत लोकप्रिय प्रतिमा. म्हणूनच मुस्लिम मराठी वाचकाने तिचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

इनामदारांवर आकसाचा आरोप करता येणार नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. इतिहासाने ज्यांना बदनाम केले त्यांची बाजू ऐकून घेणे हा त्यांचा स्वभावच होता. 'झेप'मध्ये त्र्यंबकजी डेंगळे, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव आणि 'शहेनशहा'मध्ये तर खुद्द औरंगजेब! ज्या काळात औरंगजेब मराठी कादंबरीत केवळ खलपुरुष म्हणून येत होता, त्या काळात त्याला माणूस म्हणून उभे करायला हिंमत लागते. 'राऊ'मध्येही पुण्याच्या कर्मठ वर्गाने या दोघांचा जो छळ मांडला, त्याकडे लेखक प्रेमिकांच्या बाजूने पाहतो. तेव्हा प्रश्न लेखकाच्या नियतीचा नाही. मराठी ऐतिहासिक प्रेमकादंबरीचा जो साचा आहे, त्यात काय मावते आणि काय बाहेर राहते, हा प्रश्न आहे.

आम्ही हा प्रश्न कुंभार पिंपळगावातून विचारतो, त्याला कारण आहे. आमच्या घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. याच नदीच्या खोऱ्यात पेशवे आणि निजाम पुन्हा पुन्हा भिडले. १७२८ मध्ये वैजापूरजवळच्या पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडले आणि मुंगी शेवगावला तह झाला. १७६३ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला राक्षसभुवनची लढाई झाली. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातील मुसलमानाला 'निजाम' हा शब्द शिवीसारखा ऐकावा लागला. म्हणून पेशवाईतल्या युद्धाची कादंबरी वाचताना आमच्या वाचकाच्या मनात एक धाकधूक असतेच, यात आपल्याला कुठे उभे केले असेल?

प्रत्यक्ष इतिहास मात्र इतका सरळ नाही. पालखेडच्या मोहिमेत निजामाच्या बाजूला कोल्हापूरचे संभाजीराजे आणि चंद्रसेन जाधव होते. राक्षसभुवनला निजामाकडून लढताना पडला तो त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर, एक ब्राह्मण. आणि १७६१ च्या पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्याच चाकरीत होता. लढाईनंतर तो अब्दालीच्या हाती सापडला आणि मारला गेला. माणसे सरदारीसाठी, वतनासाठी, निष्ठेसाठी लढत होती. धर्म होता, पण लढाईची फळी तो ठरवत नव्हता.

प्रेमकादंबरीत मात्र धर्म घराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. आमच्या भाषेतच पाहा. राधाबाई, काशीबाई म्हटले की आपोआप 'त्या' येते. मस्तानी म्हटले की 'ती'. बहुतेक मराठी लेखनात, बोलण्यात हेच आढळते. नावापुढे 'बाई' नाही, 'बेगम' नाही. गळ्यातून उतरणारा विड्याचा रस दिसावा इतकी नाजूक कांती, ही दंतकथा प्रत्येकाला पाठ. आणि पुण्यात तर 'मस्तानी' हे आइस्क्रीम घातलेल्या थंड पेयाचे नाव! सौंदर्याने सुरुवात झाली आणि सौंदर्यावरच संपली. घोड्यावर मांड टाकणाऱ्या, भाला चालवणाऱ्या, मोहिमेवर सोबत जाणाऱ्या अशी त्यांची ख्यातीही सांगितली जाते, पण लोकांच्या लक्षात राहिली ती कांती. आम्ही या लेखात त्यांना आदरार्थीच लिहितो आहोत, ते याच कारणाने.

'राऊ' हे शीर्षकही बोलके आहे. कादंबरी बाजीरावांची आहे. मस्तानी त्यांच्या आयुष्यातले वादळ. रणजित देसाई यांच्या 'स्वामी'शी (१९६२) तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. तिथेही बाहेर युद्ध आणि आत प्रेम आहे, पण रमाबाईंचे प्रेम विधिसंमत आहे. थेऊरला त्या सती जातात आणि कहाणीला समाजमान्य शेवट मिळतो. मस्तानींना तसा शेवट उपलब्ध नाही. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले, तेव्हा मस्तानी इकडे पुणे परिसरात होत्या. तरीही त्यांनी चितेत उडी घेतल्याची कथा लोकांनी रचलीच. कुणी विष घेतले म्हणतात. नदीकाठची चिता आणि पुणे यांत किती मजलांचे अंतर, याचा विचार कथेने केला नाही. प्रेम खरे होते हे पटवायला मुस्लिम स्त्रीलाही सती जावे लागले! पाबळला त्यांची कबर आहे. तिला कुणी मजार म्हणते, कुणी समाधी. तिथल्या मातीने दोन्ही नावे सांभाळली, वाङ्मयाला ते अवघड गेले.

आमचा मुख्य आक्षेप मात्र शेवटाबद्दल आहे. बाजीरावांच्या मृत्यूबरोबर प्रेमकथा संपते, पण त्या प्रेमाचा जिताजागता पुरावा मागे उरतो. १७३४ मध्ये जन्मलेला मुलगा. कृष्णराव हे नाव आणि मुंज हवी, अशी बाजीरावांची इच्छा होती. ब्रह्मवृंदाने ती मानली नाही, असे परंपरेने सांगितले जाते. मुलगा शमशेर बहादूर म्हणून वाढला, पेशव्यांच्याच कुटुंबात. पुढे तो पेशव्यांच्या फौजेत लढला. पानिपतावर जखमी झाला आणि भरतपूरला त्याने प्राण सोडला. वय अवघे सत्तावीस. त्याचा मुलगा अली बहादूर याच्यापासून बांद्याचे नवाब घराणे निघाले आणि १८५७ च्या उठावात त्याच घराण्यातील दुसरा अली बहादूर इंग्रजांविरुद्ध उभा राहिला.

ज्याला जानवे नाकारले त्याने त्याच दौलतीसाठी रक्त सांडले. यापेक्षा मोठे नाट्य कादंबरीकाराला कोणते हवे? विश्वास पाटील यांच्या 'पानिपत'ने (१९८८) इब्राहिमखान गारद्याला न्याय दिला. म्हणजे युद्धकादंबरीला मुस्लिम सैनिक सापडला आणि प्रेमकादंबरीला मुस्लिम प्रेयसी सापडली. पण आई आणि मुलगा यांना एका कथेत गुंफून पाहण्याची गरज या दोन्ही मोठ्या कादंबऱ्यांना भासली नाही. प्रेयसी म्हणून मुस्लिम स्त्री चालते, कारण तिची कहाणी शोकात संपवता येते. वारस म्हणून मुस्लिम मुलगा आला की 'आपले कोण?' हा प्रश्न टाळता येत नाही.

हा दोष एकट्या इनामदारांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखकांनी कथा, कविता, आत्मकथन यांतून मोहल्ल्याचे, दारिद्र्याचे, दंगलीचे वास्तव मांडले. ते आवश्यकच होते. ऐतिहासिक कादंबरीकडे मात्र आपण फारसे वळलो नाही. इतिहास म्हणजे दुसऱ्याची जहागीर, असे आपणच मानून बसलो की काय?

'राऊ' जरूर वाचावी. मराठीत एका मुस्लिम स्त्रीच्या बाजूने इतकी मोठी कादंबरी उभी राहिली, याचे मोल आम्ही जाणतो. पण ती मिटल्यावर भरतपूरच्या कबरीपर्यंतचा पुढचा रस्ता वाचकाने स्वतः चालावा. आणि आपल्या नव्या लेखकांपैकी कुणीतरी त्या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर मराठीत कादंबरी लिहावी. साधने पेशवे दप्तरात आहेत, पत्रव्यवहार छापलेला आहे, भाषा आपलीच आहे.