हॉवर्थचे काळे ढग

यॉर्कशरमधल्या हॉवर्थला जाणारा जो तो एकच फोटो काढतो: दगडी फरसबंदीचा चढ, वर चर्च, मागे काळे ढग. मग फिल्टर लावून तो आणखी काळवंडून टाकतो. ब्राँटे बहिणींच्या कादंबऱ्या आपण वाचलेल्या असतात. गावानेही त्यांच्यासारखंच दिसावं, हा आपला हट्ट.

हट्ट जुनाच आहे. छायाचित्रकार बिल ब्रँटने ‘लिटररी ब्रिटन’ (१९५१) या पुस्तकात टॉप विदन्सचं माळावरचं घर असंच काळंकुट्ट दाखवलं. फोटो जबरदस्त आहे. पण तो ‘वुदरिंग हाइट्स’चा आहे, त्या जागेचा नाही. तिथेच ब्राँटे सोसायटीने १९६४ साली लावलेली पाटी स्पष्ट सांगते की या घराचं कादंबरीतल्या घराशी काहीच साम्य नव्हतं. फोटोत ती पाटी सहसा येत नाही.

खरं तर कॅमेरा ब्राँटेंच्या घरासमोरच्या दफनभूमीकडे वळवायला हवा. १८५० साली सरकारी निरीक्षक बॅबेज यांनी गावाची पाहणी केली. उघडी गटारं, घाण पाणी, खच्चून भरलेली दफनभूमी. मरणाचं सरासरी वय २५.८ वर्षं. शंभरातले चाळीसहून जास्त लोक सहा वर्षांचे होण्याआधीच जात.

एमिली त्याआधी दोनच वर्षं, तिसाव्या वर्षी गेली होती. हे कळल्यावर तिच्या कादंबरीतली मरणं गूढ वाटत नाहीत. शेजारच्या घरातली वाटतात. तिथे फिल्टर लागत नाही.