कार्टर रोड खटल्यातील ‘जाणीव’ : एक परीक्षण

‘अपघात’ हा शब्द व्यवहारात आपण फार सैलपणे वापरतो. दंडविधानात मात्र त्यास नेमका अर्थ आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ८० प्रमाणे मूळ कृत्य कायदेशीर असावे, ते कायदेशीर रीतीने व कायदेशीर साधनांनी केलेले असावे, त्यामागे गुन्ह्याचा हेतू अथवा जाणीव नसावी आणि योग्य ती सावधगिरी घेतलेली असावी. मगच अपघाताचा बचाव मिळतो. हेतू आणि अपघात या दोन टोकांच्या मध्ये ‘जाणीव’ आणि ‘बेदरकारपणा’ या पायऱ्या आहेत. त्यांची कसोटी पाहणारा निवाडा म्हणून ‘अ‍ॅलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याकडे अभ्यासकांनी लक्ष देणे अगत्याचे आहे.

दि. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे चारच्या सुमारास वांद्रे येथील कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. तेथे रस्त्याच्या कामावरील मजूर झोपलेले होते. त्यांतील सात मृत्युमुखी पडले व आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्यांश आढळला. दोषारोप कलम ३०४ भाग दोन आणि कलम ३३८ यांखाली होता. सत्र न्यायालयाने मात्र हयगयीच्या ३०४-अ व ३३७ या कलमांखालीच दोषी धरून सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये मृत्यूंबाबत सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षांची सक्तमजुरी फर्माविली. दि. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती आर. एम. लोढा व जे. एस. खेहर यांच्या पीठाने, ती कायम केली.

अपीलकर्त्याचा एक युक्तिवाद असा होता की, एकाच कृत्याबद्दल जाणिवेचा आणि बेदरकारपणाचा असे दोन दोषारोप एकत्र नांदू शकत नाहीत. न्यायालयाने तो अमान्य केला. बेदरकार कृत्याआधी मृत्यूच्या संभवाची जाणीव असेल तर ते ३०४ भाग दोनमध्ये जाते, आणि खरा हेतू असेल तर खुनापर्यंत पोहोचते, अशी ही मांडणी आहे. ती तर्कशुद्ध आहे. मोठ्या दोषात लहान दोष सामावतो. तेव्हा दोन आरोप परस्परांचा उच्छेद करीत नाहीत.

परंतु याच मांडणीतून एक प्रश्न उभा राहतो आणि तो अनुत्तरित राहतो. मोटार एक, क्षण एक, चालकाचे मन एक. मग सात मृतांच्या बाबतीत जी ‘जाणीव’ सिद्ध झाली, ती शेजारीच झोपलेल्या आठ जखमींच्या बाबतीत केवळ ‘बेदरकारपणा’ कशी ठरावी? हेतू अथवा जाणीव असताना केलेल्या ज्या कृत्याने मृत्यू घडता तर सदोष मनुष्यवध झाला असता, त्यास कलम ३०८ लागू होते. दुखापत झाल्यास त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. कलम ३३८ ची मर्यादा दोन वर्षांची. अर्थात जे दोषारोपातच नव्हते, ते अपिलात सहजासहजी येऊ शकत नव्हते. दोष आहे तो दोषारोपाच्या रचनेत.

परिणामावरून मनोवृत्ती ठरवू नये, हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. दि. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या. काडतुसातील दोषामुळे म्हणा वा मध्ये आलेल्या पाकिटामुळे म्हणा, हॉटसन बचावले. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने १९३२ मध्ये खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा कायम केला. वाचणारा वाचला, एवढ्याने कर्त्याचे मन बदलत नाही.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, गोगटे यांच्या कृतीत उघड हेतू होता, कार्टर रोडवर तो नव्हता. आणि ज्याला काही साधावयाचेच नाही, त्याने ‘प्रयत्न’ केला असे कसे म्हणावे? मराठी ‘प्रयत्न’ शब्दात उद्दिष्ट गृहीत असते, हे खरे. परंतु ३०७ व ३०८ या दोन्ही कलमांनी ‘हेतू’ आणि ‘जाणीव’ असे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी ठेवले आहेत. दि. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही १०९ व ११० या कलमांत तीच रचना राखली आहे. शीर्षकातील शब्दाच्या व्यावहारिक अर्थाने कलमाचा आशय संकुचित करणे योग्य नव्हे.

तीन वर्षांची शिक्षा अपुरी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच नमूद केले. पण ती वाढविण्यासाठी राज्याचे अपील त्याच्यासमोर नव्हते. पदपथावर निजणाऱ्या श्रमिकांना ‘अपघात’ या सैल शब्दाच्या आड जाऊ न देणे, हे या निवाड्याचे मोठे कार्य होय. मात्र ते मृतांपुरतेच झाले. जे जगले, त्यांच्या वाट्याला कायद्याची दुय्यम भाषा आली. जिवंत राहणे हा त्यांच्या बाजूचा उणा मुद्दा ठरू नये, इतके तरी पुढील दोषारोप लिहिणारांनी ध्यानी घ्यावे.