वळणावरची पारख

सरळ तासात कुठलंही अवजार नीटच चालतं. त्याचा कस लागतो तो धुऱ्यावर. कपाशीत डवरा धरणाऱ्याला हे सांगायला नको. तास संपलं की डवरा उचलायचा. आतला बैल जागच्या जागी पाय बदलत राहतो, बाहेरचा त्याच्याभोवती फेरा घेतो आणि जोडी पुढच्या तासाला लागते. पीक न तुडवता हे वळण घेणाऱ्या सालदाराचं नाव गावात निघतं. हिरवळ कापायच्या झिरो टर्न मोवरकडे मी याच नजरेनं बघतो, आणि म्हणूनच ते यंत्र मला मनापासून आवडतं.

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या वॉरेन्सबर्गच्या मॅक्स स्विशरनं १९६३ साली असं बसून चालवायचं मोवर बनवलं. आजच्या बहुतेक यंत्रांना स्टिअरिंगचं चाकच नसतं. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे हायड्रोस्टॅटिक गिअर, आणि प्रत्येकाचा लिव्हर वेगळ्या हातात. दोन्ही लिव्हर सारखे पुढे ढकलले की यंत्र सरळ जातं. उजवा जरा सैल सोडला की उजवीकडे वळतं. एक पुढे आणि दुसरा तितकाच मागे घेतला, की दोन चाकांच्या मधल्या बिंदूभोवती जागीच फिरतं. पुढची छोटी चाकं नुसतं वजन पेलतात. नेतील तिकडे मोकळी फिरतात. इतक्या थोड्या भागांत इतकी मोठी गोष्ट साधली आहे याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

पण हात बसलेला माणूस आणि नवखा यांच्यातला फरक बघायचा असेल तर यंत्र गेल्यावर खाली वाकून जमीन बघावी. नवखा एक चाक थांबवतो आणि त्याभोवती यंत्र गरकन फिरवतो. थांबलेला टायर एकाच जागी घासत राहतो आणि गवताची साल निघते. श्रावणात काळी माती फुगलेली असताना तर मुळासकट. जाणता माणूस दोन्ही चाकं हलती ठेवतो: पट्टा संपला की थोडं तिरकं पुढे, मग वळत मागे, मग नव्या पट्ट्यात. आतला बैलही पाय रोवून उभा राहत नाही, पाय बदलत राहतो, ते याच कारणासाठी.

आपल्याकडची हिरवळ बहुतेक हरळीची. शेतात जिला आयुष्यभर खणून काढलं तीच अंगणात जोपासायची! हरळी चिवट असते, घासलेली जागा धावऱ्या टाकून भरून काढते, पण उन्हात. सावली तिला सोसत नाही. आंब्याखाली टायर घासला तर ती जागा उघडीच राहते, आणि वळणं तर सगळी झाडांभोवतीच घ्यायची असतात. म्हणून वळण नाजूक घेता येणं ही चैनीची बाब नाही.

घरासमोर दोन-चार गुंठे हिरवळ असेल तर या यंत्राच्या वाटेला जाऊ नये. हातानं ढकलायचं चरखीचं मोवर तेवढ्याला पुरेसं आहे आणि त्याची कापणीही सुबक असते. एखाद-दीड एकराचं आवार असेल, मधे आंबे, लिंबं, विहिरीचा कठडा असं सगळं असेल, तर मात्र झिरो टर्नला तोड नाही. ४२ इंची डेक, म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं कवच, ताशी ८ किलोमीटरनं चालला तर हिशेबानं तासाला दोन एकर होतात. एकावर एक चढणारे पट्टे आणि वळणं वजा जाता दीड एकर धरावं. घेण्याआधी फाटक मोजावं. गवत फेकणारी झडप बाजूला निघते, म्हणून ४२ इंचांना साडेचार फुटांची वाट लागते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मात्र खरा प्रश्न घाटावर की घाटाखाली हा आहे. शेगावचं आनंदसागर पाहिलेल्याला घाटाखाली हिरवळ किती ऐसपैस पसरू शकते हे ठाऊक आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, पूर्णेकाठची ही सपाट जमीन या यंत्राला मानवते. फक्त पावसाळ्यात वाफसा आल्याशिवाय ते बाहेर काढू नये, कारण अडीच-तीनशे किलोंच्या वजनानं चिखलात चाकोऱ्या पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकरकडे गोष्ट वेगळी. तिथं उतार आहेत. यंत्राचं वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांवर असतं, पुढची चाकं मोकळी. ओल्या गवतावर मागचा टायर घसरला की वळणही गेलं आणि ब्रेकही गेला. बहुतेक कंपन्या १५ अंशांच्या वर नेऊ नका म्हणतात, काही त्याहून कमी सांगतात. १५ अंश म्हणजे दहा फुटांत जेमतेम पावणेतीन फूट चढ. अशा आवारासाठी माझा कौल स्टिअरिंगच्या मोवरला, आणि फार उतार असेल तर पाठीवरच्या ब्रश कटरला.

घाटावर दगडही आहे. पात्याचं टोक किती वेगानं फिरावं याला अमेरिकी मानकात मर्यादा आहे: मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर. या वेगात मुरमाचा खडा सापडला तर तो गोळीसारखा सुटतो. म्हणून डेकचा पत्रा बघावा. दाबून काढलेला १३ गेजचा पत्रा सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास भरतो, वेल्डिंग करून जोडलेला १० गेजचा साडेतीनच्या जवळ. दगडाळ आवाराला दुसराच घ्यावा, आणि कापण्याआधी खडे वेचून घ्यावेत. पाती फिरवणारा बेल्ट आणि स्पिंडलचं बेअरिंग अकोला-खामगावात मिळेल का, हे विक्रेत्याला आधीच विचारावं.

दुकानात जाताना रोज यंत्र चालवणार असेल त्यालाच बरोबर न्यावं. आधी सपाट फरशीवर इंजिन चालू ठेवून लिव्हर मधे सोडावेत. यंत्र कणभरही सरकता कामा नये. मग त्याला एखाद्या झाडाभोवती हळूहळू दोन फेरे घ्यायला सांगावं, एक उजवा, एक डावा. दोन्हीकडे लिव्हरला सारखाच जोर लागतो का हे त्याचे हात सांगतील. आपण तोवर झाडाखालचं गवत बघावं.