टायरच्या खाचा आणि पाठ्यपुस्तकातले एक वाक्य

एनसीईआरटीच्या आठवीच्या विज्ञान पुस्तकात अनेक वर्षे 'घर्षण' हे प्रकरण होते. २०२५ मध्ये ते पुस्तक बदलले. परंतु त्यातले एक विधान वर्गावर्गांतून अजून सांगितले जाते. मोटारी, ट्रक आणि बुलडोझर यांच्या टायरवर खाचा असतात, त्या जमिनीवर चांगली पकड मिळावी म्हणून, असे ते विधान. ते खोटे नाही. पण तीन वेगळ्या गोष्टी त्याने एका ओळीत बसवल्या आहेत, आणि त्यातून विद्यार्थी जो निष्कर्ष काढतो तो चुकीचा असतो. तो म्हणतो, टायर 'गोटा' झाला म्हणजे त्याचे घर्षण गेले.

कोरड्या रस्त्यावर वस्तुस्थिती उलट आहे. फॉर्म्युला वन शर्यतींच्या मोटारींना पूर्वी कोरड्या दिवसांत अगदी गुळगुळीत टायर असत. वळणांवरचा वेग फार वाढला, तो कमी करायला हवा होता. म्हणून १९९८ पासून नियमानेच टायरवर खाचा पाडायला लावल्या. पकड कमी व्हावी हाच हेतू होता. २००९ मध्ये गुळगुळीत टायर परत आले. खाच म्हणजे जिथे रबर नाही अशी जागा. आणि जिथे रबर नाही तिथे पकड कुठून येणार?

येथे कोणी शिक्षक विचारतील की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हेही आपणच शिकवतो ना? लाकडाच्या ठोकळ्यापुरते ते ठीक आहे. रबर मात्र मऊ असते. ते खडीच्या कणांभोवती दबते, त्यांना चिकटते, आणि सरकताना प्रत्येक कणावरून दबून परत वर येताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते. रबराची पकड ही मुख्यतः या चिकटण्यातून आणि या ऊर्जाऱ्हासातून येते. त्यामुळे क्षेत्रफळ, तापमान, वेग या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो. एकच घर्षणांक देऊन रबराचे गणित सुटत नाही.

बुलडोझरचे कारण निराळे आहे. मुरबाडकडच्या भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरचे चाक पाहावे. त्याच्या उंच पट्ट्या मातीत रुततात आणि चाक मातीला मागे ढकलते. तिथे रबराचे घर्षण दुय्यम. मातीची ताकद महत्त्वाची. पुस्तकातले वाक्य या चाकापुरते बरोबर आहे. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीला ते लावले की गोंधळ सुरू होतो.

मग मोटारीच्या टायरवर खाचा कशासाठी? पाण्यासाठी. शहापूर तालुक्यातल्या शिक्षकाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. भातसानगरच्या धरण वसाहतीतून शहापूरकडे निघालेली गाडी पुढे मुंबई-नाशिक महामार्गाला लागते. आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. त्यावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. पाऊस मात्र कोकणाचाच.

पुढचे गणित फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. सुमारे १८०० किलोची एखादी चपळ एसयूव्ही घ्या. प्रत्येक चाकावर ४५० किलो भार. टायरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला २.३ किलो (पंक्चरवाल्याच्या भाषेत ३३). भागाकार केला तर रस्त्याला टेकलेला भाग निघतो सुमारे १९५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे उघड्या पंजाएवढा. टायरचा टेकणारा पट्टा २० सेंटिमीटर रुंद धरला, तर टेकलेल्या भागाची लांबी १० सेंटिमीटरच्या आसपास. रस्त्यावर २ मिलिमीटर पाणी आहे आणि वेग ताशी १०० किलोमीटर. या एका चाकाला दर सेकंदाला सुमारे ११ लिटर पाणी वाटेतून दूर करावे लागते. रबराच्या एखाद्या बिंदूला रस्त्याला टेकायला मिळणारा वेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चौपटीहूनही कमी! तेवढ्यात पाणी बाजूला गेले नाही तर चाक पाण्यावर तरंगू लागते. मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नाममात्र उरतात.

अमेरिकेच्या 'नासा'ने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून या तरंगण्याच्या वेगाचे सूत्र दिले. तो वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. खाचा पाण्याहून उथळ असतील तर ३३ च्या दाबाला तो ताशी ९६ किलोमीटरच्या जवळ येतो, २५ च्या दाबाला ८३ च्या जवळ. मोटारीसाठी हा ढोबळ अंदाज समजावा. तरीही १२० ची मर्यादा आणि गोटा झालेला टायर जुलैत एकत्र आले तर काय होईल, हे सांगायला तो पुरेसा आहे.

आता झिजेकडे येऊ. अशा गाड्यांबरोबर हल्ली रुंद, मऊ रबराचे 'परफॉर्मन्स' टायर येतात. ते लवकर झिजतात अशी मालकांची तक्रार असते, आणि दुकानदाराला पहिला प्रश्न असतो, किती किलोमीटर चालेल? आमचा आक्षेप या प्रश्नावरच आहे. टायर किलोमीटरने झिजत नाही. तो सरकण्याने झिजतो.

शालामाख आणि टर्नर या संशोधकांनी १९६० मध्ये मांडलेला विचार अकरावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. वळणावर गाडीला आत ओढणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. ते बल देण्यासाठी रबराला थोडे तिरके सरकावे लागते, आणि हे सरकणे बलाच्या प्रमाणात असते. झीज ठरते बल गुणिले सरकणे यावरून, म्हणजे बलाच्या वर्गावरून. म्हणून वळणावरची झीज वेगाच्या चौथ्या घाताने वाढते. कसारा घाटातले एखादे वळण ताशी ४० ऐवजी ६० ने घेतले तर वेग दीडपट, पण त्या वळणावरची झीज पाचपट. तेच टायर समृद्धीच्या सरळ पट्ट्यावर कितीतरी कमी झिजतील. तिथला त्यांचा शत्रू दुसरा आहे, कमी हवा आणि वेग यांतून निर्माण होणारी उष्णता. २०२३ मध्ये या मार्गावर टायरची तपासणी सुरू झाली आणि झिजलेले टायर असलेल्या गाड्यांना अडवले जाऊ लागले, ते योग्यच झाले. पण भरपूर खाचा असलेला, हवा कमी असलेला टायरही तिथे तितकाच धोक्याचा असतो.

टायरच्या कडेला 'ट्रेडवेअर' म्हणून छापलेला आकडाही असाच फसवा आहे. ही अमेरिकेची पद्धत. टेक्सासमधील ठरावीक रस्त्यांवर ७२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर, गाड्यांचा ताफा चालवून झीज मोजतात, पुढचे आयुष्य अंदाजाने काढतात आणि १०० मानलेल्या प्रमाण टायरशी तुलना करतात. आकडा देतो स्वतः उत्पादक. ३०० म्हणजे तीस हजार किलोमीटर नव्हे. प्रमाण टायरच्या तिप्पट, तेही टेक्सासात.

तरीही किलोमीटरचा एक उपयोग आहे, तो नवल वाटण्याचा. '२३५/५५ आर १८' या मापाच्या टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. ४०,००० किलोमीटरमध्ये तो पावणेदोन कोटींहून जास्त फेऱ्या मारतो आणि ८ मिलिमीटरच्या खाचा १.६ वर येतात असे धरू. एका फेरीला सरासरी झीज ०.३६ नॅनोमीटर, म्हणजे दोन-तीन अणूंच्या जाडीइतकी. (प्रत्यक्षात ती अणूअणूने होत नाही, सूक्ष्म कण तुटून पडतात.) त्या टायरचे दोन किलोहून अधिक रबर रस्त्यावर राहते. थळ घाटावरचा पाऊस भातसेच्या खोऱ्यात उतरतो आणि मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा भातसेचा आहे, म्हणून हा प्रश्न येथे परका नाही. टायरमधल्या ६पीपीडी या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन बनणारे क्विनोन कोहो सॅमन माशांना मारते, हे २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी दाखवले.

कायद्याने मोटारीच्या टायरची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे (केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९). युरोपातील काही वाहन-संघटना ३ मिलिमीटरला टायर बदला असे सांगत आल्या आहेत. यावर मिशेलिन कंपनीने २०१७ मध्ये उलट बाजू मांडली. चांगला टायर शेवटपर्यंत काम देतो, ३ ला फेकल्यास उरलेले रबर वाया जाते. त्याऐवजी झिजलेल्या अवस्थेतली ओल्या रस्त्यावरची पकड तपासा. कंपनीचे म्हणणे आम्हाला पटते, पण आपल्या ऋतुमानासाठी ते अर्धेच आहे. ऑक्टोबरात ३ मिलिमीटर उरलेला टायर पुढचे सात महिने निर्धास्त वापरावा. मेअखेरीस ३ वर आलेला टायर घाटात आणि महामार्गावर जाणाऱ्याने पावसाआधी बदलावा. एकच आकडा बारा महिने लावण्यात शास्त्र नाही.

वर्गाला काम द्यायचे तर व्हर्नियर कॅलिपर आणि तिच्या मागची खोली मोजण्याची दांडी शाळेत आहेच. मुलांनी उभ्या, बंद गाडीच्या एका टायरवर आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेची खोली मोजावी. खाचेत मधूनमधून छोटे उंचवटे असतात, ते १.६ ची खूण दाखवतात. मोजणी त्यांच्यावर करू नये. मध्य जास्त झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, एकच कड झिजली असेल तर बहुधा चाकांची जुळणी बिघडलेली. कडेवर एका लंबगोलात चार अंक सापडतील. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गावात पडून असलेल्या गाडीचे टायर खोलीने नवे आणि वयाने जुने निघतात. त्यांच्या बाजूवरच्या बारीक भेगाही वहीत नोंदवाव्यात.