सोलांतुलें : एका नावाची चव

पदार्थाचे नाव हाही एक मजकूरच असतो. त्याचेही रसग्रहण व्हावयास हवे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतील डुकराच्या मांसाचे दोन पदार्थ घ्या. ‘विंदालू’ हे नाव द्राक्षमद्य व लसूण अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांतून आले. त्यातील ‘आलू’ ऐकून काही उपाहारगृहांनी त्यात बटाटाही घातला! ‘सोलांतुलें’ म्हणजे सरळ सोलांमधले, आमसुलांमधले. पहिल्यास जगभर कीर्ती लाभली. दुसरे घरातच राहिले.

उन्हाळ्यापुरते तरी मी दुसऱ्याच्या बाजूने कौल देईन. कोकमाचा फळगंधी आंबटपणा चरबीचा जडपणा कमी करतो. शिवाय पाटणहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूणचा कोकमाचा मुलूख लागतो. सोल आपल्या स्वयंपाकघरास परके नाही.

मात्र ‘मांस शिजवून आमसुले घालावीत’ एवढ्यावर कृती आटोपणारे लेखन सदोष म्हणावे लागते. खांद्याच्या मांसातील चिवट पडदे मंद आचेवर दोन-तीन तासांनी विरघळतात, तेव्हा कुठे रेषे सुटू लागतात. शनिवारी संध्याकाळी शिजवून, निववून फ्रिजमध्ये ठेवलेले हे मांस रविवारी मिस्साहून परतल्यावर उकळून पावाबरोबर वाढता येते. सुट्टीत लेकरे घरी आलेली असताना भर दुपारी आईला चुलीशी उभे राहावे लागत नाही. तीही पंगतीत बसते.

म्हणून साहित्याच्या यादीत आमसुलांशेजारी वेळही लिहिला जावा, एवढीच अपेक्षा.