उजेडाचं खातं

दिवाणखान्यात झुंबर हवं, हा आमच्या सौभाग्यवतींचा ठराव. माझा विरोध नोंदवून घ्यावा! झुंबर म्हणजे चालू खातं : थाट मोठा, व्याज शून्य. लोलक आपण पुसायचे आणि उघडे बल्ब आईच्या म्हाताऱ्या डोळ्यांत खुपायचे. आमचं जेवणाचं टेबलही तिथंच.

त्यापेक्षा डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेनचा १९५८ चा 'पीएच ५' बघा. व्यास ५० सेंटिमीटर, म्हणून नावात पाच. झाकणांची उतरंड अशी बेतलीय, की टेबलाशी बसलेल्याला बल्ब दिसत नाही. ताट दिसतं आणि समोरचा माणूस. किंमत मात्र तारण मागणारी! तेव्हा तत्त्व तेवढं उचलावं : बल्ब झाकणारी साधी शेड, टेबलापासून दोनेक फुटांवर. घरची सगळी माणसं एकत्र भेटतात ती जेवतानाच. तेवढा वेळ तरी नीट दिसावीत.