आधी अंगण, मग भिंती

राहते घर आणि प्रार्थनामंदिर ही दोन्ही एकाच दृष्टीने बांधता येतात काय? गोंडपिपरीच्या परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. येथे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. मातीच्या भिंती व कवेलूंची छपरे मागे पडून सिमेंटचे स्लॅब आले. आपण त्यांना प्रगती मानले. पण तापलेला स्लॅब रात्रीही निवत नाही, आणि खाट बाहेर काढावी तर अंगण बांधकामात गेलेले असते.

या संदर्भात चार्ल्स कोरिया (1930–2015) यांच्या दोन वास्तूंचा विचार करावासा वाटतो. मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातील या वास्तुविशारदाने 1958 साली मुंबईत स्वतःचे कार्यालय थाटले. खासगी घरे, वसाहती, संग्रहालये आणि पणजीची कला अकादमी यांचे आराखडे तेथेच सिद्ध झाले. उष्ण देशात उघडे आभाळ हीच एक खोली आहे, हे त्यांचे सूत्र होते.

दादरचे साल्वासाव चर्च 1974 ते 1977 या काळात बांधले गेले. लांब दालन आणि टोकाला वेदी ही परिचित रचना येथे नाही. झाकलेली दालने व उघडे चौक एकमेकांत गुंफलेले आहेत. वरच्या निमुळत्या काँक्रीट कवचांतून प्रकाश उतरतो, तापलेली हवा वर निघून जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेत श्रद्धावंतांचा सक्रिय सहभाग मागितला होता. या चौकांत आम्हांस त्या मागणीचे उत्तर दिसते. मिस्सा संपल्यावर माणसे एकदम रस्त्यावर न येता एकमेकांना भेटतात. मात्र कोरीव वेदी व रंगीत मूर्तींत वाढलेल्या वृद्ध भाविकाला ही साधेपणाची भाषा कोरडी वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही.

नवी मुंबईतील बेलापूरची वसाहत (1983–86) हीच दृष्टी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांपर्यंत नेते. सात घरे आणि त्यांमध्ये सुमारे 8 मीटर लांबी-रुंदीचे सामाईक अंगण, ही तिची मूळ मांडणी. शेजाऱ्यांच्या भिंती सामाईक नाहीत, म्हणून प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावे. पुढे अनेकांनी मूळची उतरत्या छपरांची घरे पाडून स्लॅबची मजली घरे उभारली. हा वास्तुविशारदाचा पराभव, असे काहीजण म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. वाढण्याची मुभा त्यांनीच दिली होती आणि लोकांनी ती घेतली. उणीव अन्यत्र आहे. एकाने आपली जागा कडेपर्यंत बांधली की दुसऱ्याचा वारा आणि उजेड अडतो. शेजारधर्म नकाशावर सुचवता येतो. तो पाळणे राहणाऱ्यांच्याच हाती असते.

दादरची कवचे गोंडपिपरीत आणावीत, असे आमचे म्हणणे नाही. येथे बांबू आहे, साग आहे, माती जाणणारे हात अजून आहेत. घर असो वा धर्मग्रामाचे सभागृह, गवंड्याने सुतळी ताणण्यापूर्वी आपण त्याला एवढेच विचारावे: अंगण कोठे राहणार? त्याचे उत्तर मिळेपर्यंत पाया खणण्याची घाई करू नये.